सीरियलच्या खोक्यातल्या जुन्या अंगठ्या: जमवायला सुरुवात करताना

इंद्रजाल कॉमिक्स वाचत मोठे झालेल्यांना वेताळाची कवटीची अंगठी वेगळी सांगायला नको. गुंडाच्या जबड्यावर उमटलेला तो ठसा आपल्यापैकी कित्येकांनी शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर काढलेला असतो. पण हाच वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, अमेरिकेत स्वतःच एका अंगठीवर छापून आला होता, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. 1949 साली पोस्ट या सीरियल, म्हणजे नाश्त्याचा तयार धान्याचा खाऊ, बनवणाऱ्या कंपनीने आपल्या पोस्ट टोस्टीज या कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांत पत्र्याच्या छोट्या अंगठ्या घातल्या. एकूण 24 चेहरे होते. पॉपाय, ऑलिव्ह ऑइल, ब्लाँडी, डॅगवूड, फ्लॅश गॉर्डन, फेलिक्स मांजर, आणि त्यांच्यात बुरखेवाला फँटम. पोरांनी खोकं उघडायचं, कॉर्नफ्लेक्समध्ये कोपरापर्यंत हात घालायचा आणि आपल्या वाट्याला कोण आलं ते बघायचं.

माझा छंद त्या फँटमपासून सुरू झाला. तुम्हालाही तिथूनच सुरुवात करायला सांगेन, पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी हवी. तिच्याशिवाय विकणारा काय म्हणतोय ते कळत नाही आणि पैसे वाया जातात.

आधी एवढं समजून घ्या

सीरियलबरोबर मुलांना काहीतरी भेट द्यायची, ही पद्धत अमेरिकेत जुनी आहे. केलॉगने 1909 मध्येच हलणाऱ्या चित्रांचं एक छोटं पुस्तक दिलं होतं. अंगठ्यांना खरा बहर आला तो मात्र रेडिओमुळे. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीपासून संध्याकाळी मुलांसाठी साहसाच्या मालिका लागू लागल्या आणि त्यांचे प्रायोजक बहुधा सीरियलवाले असत. काउबॉय टॉम मिक्सची मालिका राल्स्टनची, जॅक आर्मस्ट्राँग हा शाळकरी नायक व्हीटीजचा. लोन रेंजर हा बुरखेवाला घोडेस्वार नायक 1940 च्या दशकात जनरल मिल्स या सीरियल कंपनीकडे आला, म्हणून त्याच्या अंगठ्या तिच्या किक्स आणि चीरिओज या सीरियलबरोबर मिळत. निवेदक सांगायचा की खोक्याचं झाकण कापा, त्याच्यासोबत दहा किंवा पंधरा सेंट पाकिटात घाला आणि अमुक पत्त्यावर पाठवा. मग काही आठवडे टपालाची वाट बघायची.

म्हणजे अंगठ्यांचे दोन मोठे गट झाले. एक खोक्यातच मिळणाऱ्या, फुकट, साध्या. दुसऱ्या झाकण आणि नाणी पाठवून मागवायच्या, पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या, त्यांत काही ना काही करामत असलेल्या. हा फरक मनात पक्का करून ठेवा, कारण किंमत, जपणूक आणि नकलांचा धोका हे सगळं त्याच्यावर ठरतं.

दुसऱ्या महायुद्धात धातू लष्कराकडे गेला आणि भेटी कागदावर, पुठ्ठ्यावर आल्या. युद्ध संपलं आणि 1946 ते 1949 या चार वर्षांत साठलेली सगळी हौस फुटून बाहेर आली. शिट्टीच्या अंगठ्या, आरशाच्या, चुंबकाच्या, ठिणग्या उडवणाऱ्या, अंधारात चमकणाऱ्या. नव्या माणसाने लक्ष द्यावं तर या चार वर्षांवर. माल भरपूर बनला, त्यामुळे आजही सापडतो, आणि करामतीही सर्वांत मजेदार याच काळातल्या. 1950 च्या दशकात टीव्ही आला, प्लॅस्टिक स्वस्त झालं आणि टपालाने मागवायची चाल हळूहळू मागे पडत गेली.

पहिली पायरी: पत्र्याच्या अंगठ्या

पोस्टने 1948 साली रेझिन ब्रॅनच्या खोक्यांतून 12 अंगठ्या दिल्या. डिक ट्रेसी, ऑर्फन ॲनी, स्मायलिन जॅक, विनी विंकल वगैरे मंडळी त्यांत होती. पुढच्या वर्षी टोस्टीजच्या 24 आल्या. दोन्ही मिळून 36. नवख्यासाठी हा संच मला आदर्श वाटतो. यादी पक्की आहे, माल बऱ्यापैकी मिळतो आणि एकेक अंगठी स्वस्त असते. शिवाय चूक झाली तरी खिशाला मोठं भोक पडत नाही, आणि पहिल्या वर्षात चुका होतातच.

या अंगठ्या म्हणजे छापील पत्र्याची एक पट्टी. मधे रंगीत चेहरा, दोन बाजूंना जिभा. त्या जिभा बोटाभोवती वळवायच्या. ज्या पट्टीच्या जिभा कधी वळवल्याच नाहीत, ती जमवणाऱ्यांच्या नजरेत वरची. विक्रेता ‘न वळवलेली’ म्हणाला तर फोटोत कडेने बघा. एकदा वळवून पुन्हा सपाट केलेल्या पत्र्यावर रंगाला बारीक आडवी चीर गेलेली असते, आणि ती प्रकाश तिरका पडला की दिसते. समोरून काढलेल्या फोटोत कधीच दिसत नाही. म्हणून तिरका फोटो मागायचा, आणि मागताना संकोच करायचा नाही.

फँटम, पॉपाय, फेलिक्स, फ्लॅश गॉर्डन, डिक ट्रेसी यांना मागणी जास्त. हर्बी किंवा पेरी विंकल आज कोणाच्या लक्षात नाहीत, त्यामुळे ते मागे पडून राहतात. पण संच पुरा करायचा तर तेही लागणारच. सुरुवातीला एखाद्याकडून दहा-बारा अंगठ्यांचा एकत्र गठ्ठा घ्यावा. त्यात दुहेरी येतील, गंजलेल्या येतील. गंजलेल्या टाकू नका. पत्रा कसा गंजतो, रंग कुठून आधी उडतो, हे हातात धरून शिकायला त्याच उपयोगी पडतात.

दुसरी पायरी: अंगठीचं काम काय, ते विचारा

टपालाने मागवलेल्या अंगठ्यांकडे वळलात की एकच प्रश्न तोंडपाठ ठेवा: ही अंगठी काय करायची? प्रत्येकीला काही काम होतं. ते काम ती आज करते का, करत नसेल तर कोणता भाग हरवलाय, यावरच तिची खरी किंमत ठरते. नुसती चकाकी बघून घेणारा हमखास फसतो. काही उदाहरणं सविस्तर सांगतो.

टॉम मिक्सच्या 1946 च्या अंगठीत आत छोटा आरसा असतो. डोळ्याला लावली की बाजूचं दिसतं, मान न वळवता. आरसा काळा पडलेला असेल तर अंगठी फक्त धातू म्हणून उरते. त्याचीच चुंबकाची अंगठी टाचणी उचलते का, एवढं पाहिलं की झालं. 1949 ची सरकत्या शिट्टीची अंगठी वाजवून बघावी लागते, आणि ते ऑनलाइन विक्रेत्याने छोटा व्हिडिओ पाठवला तरच शक्य होतं.

लोन रेंजरची 1947 ची पिस्तुलाची अंगठी ही किक्सची. वर इवलंसं सहाबारी पिस्तूल, त्यात चकमक आणि अंगठ्याने फिरवायचं चाक. फिरवलं की ठिणगी. चकमक बहुतेकदा झिजून संपलेली असते आणि ते मी दोष मानत नाही. मुलाने खेळायचं तेवढं खेळून घेतलंय, एवढाच त्याचा अर्थ. पण चाकच नसेल तर घेऊ नका. त्याच मालिकेतली 1949 ची सिनेमाची अंगठी चीरिओजची. तिच्यासोबत अमेरिकन मरीन सैनिकांच्या दृश्यांची 8 मिलिमीटरची फिल्मपट्टी यायची. अंगठीच्या नळीतून पट्टी सरकवत प्रकाशाकडे बघायचं. अंगठ्या सापडतात, फिल्म सापडत नाही. फिल्मशिवाय अंगठी घ्यायची असेल तर किंमतही तशीच अर्धवट द्या.

क्वेकरने 1951 मध्ये काउबॉय सिनेमांतला नट गॅबी हेज याच्या नावाने तोफेची अंगठी काढली. स्प्रिंग ओढून सोडायची, तोफ उडते. स्प्रिंग ढिली पडलेली तोफ भरपूर मिळते. ओढलेली स्प्रिंग तिथे अडकून राहते का आणि सोडल्यावर झटक्याने पुढे येते का, हे दोन्ही विचारा.

ॲटम बॉम्बची अंगठी

हिच्यासाठी वेगळी जागा हवीच. 1947 साली किक्सने पंधरा सेंट आणि खोक्याच्या झाकणाच्या बदल्यात ‘ॲटमिक बॉम्ब’ अंगठी दिली. सोनेरी पट्टीवर रुपेरी बॉम्ब, मागे लाल प्लॅस्टिकचं शेपूट. शेपूट काढायचं, अंधाऱ्या खोलीत डोळे सरावू द्यायचे आणि भिंगातून आत बघायचं. आत प्रकाशाचे बारीक बारीक ठिपके लुकलुकत. ते खरे होते. अंगठीत पोलोनियम 210 चा सूक्ष्म अंश आणि समोर झिंक सल्फाइडचा पडदा होता. अल्फा कण पडद्यावर आदळला की एक ठिणगी. विल्यम क्रुक्स यांनी 1903 मध्ये शोधलेल्या स्पिंथॅरिस्कोप या उपकरणाचंच हे बाळरूप. हिरोशिमाला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती, आणि अमेरिकेतली मुलं अणूचा स्फोट बोटात घालून अंथरुणात पांघरुणाखाली बघत होती. ही अंगठी हातात घेतली की मला दर वेळी हे आठवतं आणि मी थोडा वेळ गप्प बसतो.

आता व्यवहाराचं. पोलोनियम 210 चं अर्धायुष्य सुमारे 138 दिवस. दर 138 दिवसांनी ते निम्मं होतं, म्हणजे चार वर्षांच्या आत हजारातला एकच भाग उरतो. 1947 च्या अंगठीत आज काही शिल्लक नाही. त्याचे दोन परिणाम. एक, ती घरात ठेवायला भ्यायचं कारण नाही. दोन, ‘अजूनही चमकते’ असं सांगून जास्त पैसे मागणाऱ्याचं बोलणं खोटं समजा. हिच्यात बघायचं ते शेपूट. लाल शेपटाला तडा गेलेला असतो, किंवा ते हरवून नवं बसवलेलं असतं. रुपेरी बॉम्बवर पोचे किती, तेही बघा. ही अंगठी दुर्मीळ नाही. सुरुवात करणाऱ्याला आवाक्यातली आहे, आणि संग्रहात एक तरी असावी असं मला मनापासून वाटतं.

तिसरी पायरी: बदललेले खडे आणि नकला

एक ठळक उदाहरण लक्षात ठेवा. 1940 साली व्हीटीजने जॅक आर्मस्ट्राँगची ‘ड्रॅगन्स आय’ अंगठी दिली. अंधारात चमकणारी पांढरट प्लॅस्टिकची अंगठी, दोन्ही बाजूंना मगरी, मधे हिरवा खडा. तोच साचा 1946 मध्ये पोस्टने बक रॉजर्स या अंतराळातल्या नायकाच्या ‘शनीच्या अंगठी’साठी वापरला आणि खडा लाल घातला. 1947 मध्ये शॅडो या रेडिओ नायकासाठी एका मिठाच्या कंपनीने तीच मगरींची अंगठी काळा खडा घालून दिली. साचा एक, खडे तीन, किमतींत मोठा फरक. म्हणजे स्वस्तातल्या अंगठीचा खडा काढून दुसरा चिकटवला की झालं. खड्याभोवती गोंदाची पिवळी कड दिसते का, खडा सैल आहे का, त्याची कड ताजी धारदार आहे का, हे भिंगाखाली बघा. दहापट मोठं दाखवणारं दागिन्यांचं भिंग सराफ बाजारात मिळतं. या छंदातली पहिली खरेदी अंगठीची नाही, त्या भिंगाची करावी.

चमकण्याची परीक्षा सोपी. दिव्याखाली मिनिटभर धरा, मग कपाटात नेऊन दार ओढून बघा. जुनं प्लॅस्टिक अजूनही मंद चमकतं, पण लवकर विझतं. भगभगीत हिरवं आणि लांबवर टिकणारं चमकत असेल, तर ते आजचं प्लॅस्टिक असण्याची शक्यता मोठी.

धातूच्या नकलांत ओतकामाच्या खुणा दिसतात: बारीक बुडबुडे, अक्षरांच्या गोल झालेल्या कडा, जोडावर घासल्याच्या रेघा. मूळ अंगठ्या ठशाने दाबून बनवलेल्या असल्याने त्यांची अक्षरं टोकदार असतात. छापील पत्र्यात चेहऱ्याची बारीक रेघ फुटलेली, ठिपकेदार दिसली तर ती प्रतीची प्रत समजा.

नवख्यांचा आणखी एक नेहमीचा घोटाळा. नाणं टाकून च्युइंगमची गोळी काढायच्या यंत्रांतूनही अमेरिकेत ढीगभर अंगठ्या मिळत. हलवली की चित्र बदलणाऱ्या बहुतेक अंगठ्या त्या यंत्रांतल्या. विक्रेते त्यांना बेधडक ‘सीरियलची अंगठी’ म्हणतात. वाईट काही नाही त्यांत, पण तो वेगळा छंद आहे. कंपनी कोणती, सीरियल कोणतं, साल कोणतं, या तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर मी ती वस्तू खाली ठेवतो. यादी लागेल तर रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांचं 1994 साली निघालेलं खेळण्यातल्या अंगठ्यांचं किंमतपुस्तक जुन्या पुस्तकांत शोधा. त्यातल्या किमती आता शिळ्या आहेत. ओळख पटवण्यासाठी मात्र ते आजही उपयोगी पडतं.

चौथी पायरी: कुठून घ्यायच्या, कशा आणायच्या

भारतात या अंगठ्या मिळत नाहीत, चोर बाजारातही नाहीत. तिथे शोधत बसून दिवस घालवू नका. माल अमेरिकेतच आहे: ऑनलाइन विक्रीत, लिलावघरांत आणि जुन्या वस्तूंच्या बाजारांत. पेन्सिल्व्हेनियातलं हेक्स हे 1967 पासूनचं लिलावघर अशा वस्तूंसाठी ओळखलं जातं. त्यांच्या झालेल्या लिलावांचे फोटो आणि अखेरच्या किमती बघणं हाच फुकटचा अभ्यासवर्ग समजा. महिनाभर नुसतं बघा, काही घेऊ नका. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांतलं अंतर या महिन्यात कळतं.

आपल्यापैकी अनेकांची भावंडं, मुलं, भाचरं अमेरिकेत आहेत. त्यांच्या पत्त्यावर माल मागवून साठवा आणि कोणी येणार असेल तेव्हा आणायला सांगा. एकेक अंगठी टपालाने भारतात मागवली तर टपालखर्च आणि कस्टम ड्यूटी मिळून अंगठीपेक्षा महाग पडते. मॅसॅच्युसेट्समध्ये ब्रिमफिल्ड इथे मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये जुन्या वस्तूंचा प्रचंड बाजार भरतो. नातेवाईक त्या बाजूला राहत असतील तर त्यांनाच पाठवा, अंगठ्यांचे फोटो त्यांच्या फोनवर टाकून ठेवा. माझी बहीण सुरुवातीला कुरकुरत गेली होती. आता तीच मला आधी फोन करते.

पार्सलवर वस्तूचं नाव साधं लिहायला सांगा: ‘खेळण्यातली जुनी अंगठी, 1947’. खरी किंमतच लिहा. पण ‘ॲटम बॉम्ब’ किंवा ‘पिस्तूल’ हे शब्द कस्टमच्या कागदावर जाऊ देऊ नका. पार्सल अडकलं की सोडवण्यात आठवडे जातात.

कागद सोडू नका

टपालाची अंगठी एका छोट्या खोक्यात किंवा पाकिटात यायची आणि सोबत सूचनांचा कागद असायचा. कशी वापरायची, कुठे दाबायचं, अंधारात किती वेळ थांबायचं. मुलांनी अंगठी ठेवली आणि कागद फेकला. त्यामुळे आज कित्येकदा कागदाला अंगठीहून जास्त किंमत मिळते. कागदासकट अंगठी दिसली तर दुसऱ्या दोन अंगठ्या सोडून ती घ्या. माझ्याकडे लोन रेंजरच्या हवामानाच्या अंगठीची गत अशीच झाली. आत दमटपणाप्रमाणे रंग बदलणारा कागद असतो. मी कित्येक महिने तो खराब समजत होतो. मग सूचनांचा कागद मिळाला, वाचला, आणि पुढच्या जुलैत मुंबईच्या पहिल्या सलग पावसात अंगठीने रंग बदलला. तेव्हाचा आनंद मी विसरणार नाही.

जपणूक

आपल्या हवेत हाच सगळ्यांत महत्त्वाचा भाग. कोकणपट्टीत, गोव्यात, मुंबईत चार महिने हवेत पाणीच असतं. अंगठ्या हवाबंद डब्यात ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि त्या पुड्या पावसाळ्यात दर पंधरवड्याला बदला. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत. त्यांतून निघणारा चिकट अंश पितळेला हिरवा करतो. पत्र्याच्या अंगठ्या एकमेकींना घासू देऊ नका, प्रत्येकीला वेगळा कप्पा हवा.

आणि घासू नका. चिंच नको, लिंबू नको, देवाची भांडी घासायची पावडर तर नकोच. या अंगठ्यांवर सोनेरी मुलामा नावाला असतो. एकदा चोळला की खालचं पितळ उघडं पडतं आणि ते परत झाकता येत नाही. जुना काळपटपणा राहू द्या. धूळ मऊ ब्रशने काढा, बास. घरी कोणी मदत करायला उत्साही असेल तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

बोटात घालून बघायचा मोह होईल. पट्टी उघडी असते, वळते, आणि जुना धातू दोनदा वळला की तिसऱ्यांदा तुटतो. लहान मुलाच्या बोटासाठी बनलेली आहे ती. विजेरीच्या अंगठीत, लोन रेंजरची 1948 ची, जुना सेल अडकून राहिलेला असेल तर आधी तो काढा. गळलेल्या सेलने आतली नळी खाल्लेली मी पाहिली आहे.

एक वही घाला. अंगठी, साल, सीरियल, कोणाकडून, कितीला, त्यात काय नाही. ‘काय नाही’ हा रकाना मोठा ठेवा. त्यातूनच पुढची खरेदी ठरते. माझ्या वहीत टोस्टीजच्या 24 पैकी 21 समोर खूण आहे. ऑलिव्ह ऑइल, मॅगी आणि छोटा स्वीपी अजून यायचे आहेत. फँटम पहिल्याच पानावर आहे, न वळवलेला.